दुसऱ्या नंबरच्या वच्छलाताई

आमच्या वच्छलाताई कोणाच्याही मागं चालू शकत नाहीत. हा दोष म्हणायचा, आजार म्हणायचा की मोठेपणा, ते मला अजून कळलेलं नाही. पुढं एखादी पाठ दिसली की ती ओलांडल्याशिवाय त्यांच्या जिवाला स्वस्थता नसते. पाठ कोणाची हा प्रश्न गौण. भाजीवाल्याची, हवालदाराची, मिरवणुकीतल्या बँडवाल्याची, कोणाचीही चालते. आमच्या चुलतसासऱ्यांच्या अंत्ययात्रेत तर त्यांनी खुद्द चुलतसासऱ्यांनाच मागं टाकलं. बायकांनी स्मशानात जायचं नसतं हे त्यांना कोणी सांगितलं नाही असं नाही. पण सांगणाऱ्यांनी तोंड उघडेपर्यंत त्या पुढं निघून गेल्या होत्या. आम्ही खांदेकरी घामाघूम होऊन पोचलो तेव्हा ताई फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभ्या.

"कितला येळ लावता बावा," त्या म्हणाल्या. "काकाजी ताटकळले असतीन."

वच्छलाताई म्हणजे माझ्या बायकोची, मंदाची, थोरली बहीण. नात्यानं माझी अक्कडसासू. हा शब्द ज्यानं कोणी घडवला त्यानं आमच्या ताईंना लांबून का होईना, पाहिलेलं असणार.

एकेकाळी लांब पल्ल्याच्या शर्यतींत देशातल्या पहिल्या दोनचार बायकांत त्यांचं नाव होतं. माहेर अकोटच्या बाजूचं, भाजीपाल्याची वाडी. मेथी, वांगी, थोडी झेंडू-शेवंती. वर्तमानपत्रवाले अजूनही अधूनमधून त्यांची मुलाखत घ्यायला येतात, आणि 'गरिबीमुळे अनवाणी धावणारी मुलगी' हे मथळ्याचं वाक्य घरूनच लिहून आणतात. ताई ते खोडून काढतात. "चप्पल होती ना. तिचा फट्‌फट्‌ आवाज ये म्हनून हातात घेऊन धावो. गरिबी कायची? बाबाची पान्याची मोटर होती वाडीत." वार्ताहराचा चेहरा पडतो. एवढ्या लांब आल्यावर गरिबीसुद्धा मिळू नये म्हणजे काय.

खेळाडूंच्या कोट्यातून त्यांना सरकारी नोकरी लागली, ती अमरावतीत. आता निवृत्त होऊन आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. एकट्या. लग्न झालं नाही. झालं नाही म्हणजे एक स्थळ आलं होतं. मुलगा शिक्षक. मोकळ्या विचारांचा, म्हणून त्यानं 'आपण दोघं जरा बाहेर फिरून येऊ का' असं विचारलं. दोघं बाहेर पडली. परत आल्या त्या ताई एकट्याच. मुलगा बऱ्याच वेळानं ऑटोनं आला आणि सामान घेऊन गेला. या प्रसंगावर ताईंचं मत एवढंच, की "मानूस बरा होता. पन दम नोहता."

दम हा त्यांचा माणसं मोजायचा गज आहे. शिक्षण, पगार, जातपात, काही विचारत नाहीत. जिना चढून आलेल्या माणसाचा श्वास ऐकतात आणि त्याची जागा ठरवून टाकतात. माझी जागा लग्नातच ठरली होती. गेल्या वर्षी मी नवा शर्ट घालून त्यांच्याकडं गेलो, तर नखशिखांत बघून म्हणाल्या, "भाऊजी, पोट समोर निंगून गेलं. तुमी मांगंच राह्यले."

रोज पहाटे त्या छत्री तलावाकडं धावायला जातात. आजकाल तिकडं आमच्या शहरातल्या डॉक्टर-वकिलांचाही एक धावणाऱ्यांचा गट असतो. यांचे बूट माझ्या पहिल्या स्कूटरपेक्षा महाग. मनगटावर घड्याळ, दंडावर पट्टा, छातीवर पट्टा, कानात काहीतरी. एवढं अंगावर चढवायलाच इतका वेळ लागतो की धावायला थोडाच उरतो, आणि तो फोटोत जातो. या मंडळींनी ताईंना मोठ्या आदरानं मार्गदर्शक म्हणून बोलावलं. एक हृदयरोगतज्ज्ञ ताईंसमोर तलावाला फेरी मारून आले आणि मनगट पुढं करून म्हणाले, "बघा ताई, नाडी किती, वेग किती, किती उष्मांक जळाले, सगळं यात येतं."

ताईंनी चष्मा पुसून नीट बघितलं.

"घड्याळ मस्त धावून राह्यलं डॉक्टरसाहेब," त्या म्हणाल्या. "आता तुमीबी धावा."

मार्गदर्शन त्याच दिवशी संपलं.

मी एका कोचिंग क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवतो. अमरावतीत हल्ली दर तिसऱ्या घरावर क्लासची पाटी असते आणि उरलेल्या दोन घरांत त्या क्लासची मुलं भाड्यानं राहतात. आमच्या संचालकांचा फोटो चौकातल्या फलकावर गुणवंत विद्यार्थ्यांपेक्षा मोठा असतो. कारण सांगताना ते म्हणतात की विद्यार्थी दरवर्षी बदलतात. तर या संचालकांना एकदा वाटलं, परीक्षा जवळ आली आहे, मुलांना प्रेरणेचा एक डोस द्यावा. माझी अक्कडसासू राष्ट्रीय खेळाडू आहे हे त्यांना कोणीतरी सांगितलं. मी नको नको म्हणत होतो. पण फुकटची प्रेरणा सोडतील ते संचालक कसले.

ताई आल्या. शाल घेतली, नारळ पिशवीत टाकला आणि माइकसमोर उभ्या राहिल्या. भाषण वगैरे नाही. "इचारा," म्हणाल्या.

एका मुलीनं विचारलं, "मॅडम, धावताना तुमच्या मनात काय विचार चालू असायचे?"

"मेथीचे."

मुलं एकमेकांकडं बघायला लागली.

"मेथी निवडतो मी. मनातल्या मनात. एक काडी घ्याची, पानं खुडाची, काडी टाकाची. मंग दुसरी घ्याची. जुडी सरली का दुसरी जुडी. आमच्या वाडीतली मेथी काई सरत नाई."

संचालक घाईनं माइककडं झुकले. "म्हणजे मुलांनो, एकाग्रता."

"नाई," ताई म्हणाल्या, "मेथी."

दुसऱ्यानं विचारलं, खूप दुखायला लागल्यावर काय करायचं.

"दुखनं म्हनजे पावना. थो येनारच. या म्हनाचं, चहा पाजाचा. पन खाट टाकून द्याची नाई. खाट टाकली का मुक्काम करते."

"सोडून द्यावंसं नाही वाटलं कधी?"

"दर शर्यतीत वाटे. ज्याले वाटत नाई त्याचं डोस्कं तपासा. वाटू द्याचं. वाटता वाटता पाय चालू ठेवाचे. थोड्या वेळानं वाटनं थकते. पाय त्याच्याहून घट्ट असतात."

मुलं आता पुढं सरकून ऐकत होती. मीसुद्धा. माझ्या तासाला त्यांना असं सरकलेलं मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते मला फारसं आवडलंही नाही. संचालकांना मात्र हे सगळं फलकावर घालण्याजोगं वाटेना. शेवटी त्यांनीच उठून ठेवणीतला प्रश्न विचारला. "ताई, आमच्या मुलांना यशाचं रहस्य सांगा."

"थे मले काय मालूम?" ताई म्हणाल्या. "मी बहुतेक दुसरी आली. यशाचं अकोल्याले इचारा."

मुलांना वाटलं, अकोल्यात एखादा मोठा क्लास असेल. संचालकांचा चेहरा पांढरा पडला. मला मात्र ठाऊक होतं. आमच्या ताईंच्या लेखी अकोला हे शहर नाही. ते एका बाईचं नाव आहे.

ती बाई म्हणजे नलू. अकोल्याची. ताईंच्याच वयाची, त्याच अंतराची धावपटू. ताईंची धावण्याची रीत सरळसोट, बंदूक वाजली की पुढं निघायचं आणि पुढंच राहायचं. नलूची रीत अशी की ताईंच्या मागं चिकटून राहायचं. सगळी शर्यत ताई पुढं, आणि शेवटची अर्धी फेरी नलू. वर्षानुवर्षं हेच. गावं बदलली, मैदानं बदलली, पंच बदलले, निकाल तोच. "वाऱ्याचा मार मी खावा अन् पेढे तिनं खावे," असं ताई म्हणत. दोघी एकाच राज्याच्या संघात. एकाच शिबिरात, एकदा तर एकाच खोलीत राहिल्या. एकाच आरशासमोर वेण्या घातल्या. पण एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत. ताई तिचं नावही घेत नसत. 'थे अकोल्याची' म्हणत. मंदानं एकदा अकोल्याहून सुंदर चादर आणली, ताईंनी ती पायपुसण्यासाठी मागून घेतली.

आणि एवढं वैर असूनही ताईंची एक तऱ्हा होती, ती मला कधी उमगली नाही. निकालाच्या बाबतीत त्या कोणाला तसूभर इकडं-तिकडं करू देत नसत. एकदा इथल्या एका वर्तमानपत्रानं चुकून ताईंना पहिली छापलं. घरी आनंदीआनंद. ताई तडक कचेरीत गेल्या. संपादक म्हणाले, "ताई, राहू द्या ना. चांगलंच छापून आलंय."

"चांगलं नाई, खोटं छापून आलं. पहिली थे हाये. मी दुसरी."

"कोणाला काय फरक पडतो?"

"आमा दोघीले पडते."

बदल छापल्याशिवाय त्या उठल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कापसाच्या भावाखाली दोन ओळींत खुलासा आला, वच्छला पहिली नसून दुसरी आहे. स्वतःच्या पराभवाची बातमी धसास लावणारी माणसं महाराष्ट्रात फार नसावीत.

तर असं हे सगळं सुरळीत चाललं होतं. मागल्या दिवाळीनंतर मात्र ताई दर रविवारी सकाळी अकोल्याला जायला लागल्या. एसटीनं. चांगली इस्त्रीची साडी नेसून. विचारलं तर "काम हाये" एवढंच उत्तर. काय काम ते नाही. संध्याकाळी परत येत त्या बऱ्यापैकी खुशीत, आणि क्वचित चक्क गुणगुणत.

मंदाच्या डोळ्यांत पाणी आलं. "अहो," ती म्हणाली, "ताईचं कुठंतरी जमलं वाटतं." तिनं मनातल्या मनात त्या गृहस्थांना निवृत्त प्राध्यापक करून टाकलं, विधुर करून टाकलं आणि दोन्ही मुलं परदेशी पाठवून मोकळी झाली. मी म्हणालो, काहीही असो, त्यांचा दम चांगला असला पाहिजे. यावर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग एका शनिवारी ताईंचा घोटा मुरगळला. पुढं एक सायकलवाला होता, मध्ये नाली होती, बाकीचं सांगायला नको. पाय टम्म सुजला. मी विचारलं, "फार दुखतंय का?"

"घोटा दुखून राह्यला," त्या म्हणाल्या. "मी कायले दुखू?"

रविवारी सकाळी त्या भिंतीला धरत धरत आमच्या दारात आल्या. "भाऊजी, बसची पायरी चढता येत नाई. मले अकोल्याले सोडून द्या. सोडा अन् वापस या."

अमरावतीहून अकोला म्हणजे काही आमच्या गावातलं राजापेठ नव्हे, की सोडलं आणि परत आलो. पण मंदानं माझ्याकडं असं बघितलं की मी चहासुद्धा अर्धा ठेवून गाडी काढली. निघताना तिनं खिडकीशी येऊन मला हळूच सांगितलं, "नीट बघून घ्या. स्वभाव कसा आहे, तेही बघा."

मूर्तिजापूरपर्यंत ताईंचे नुसते ओठ हलत होते. मेथी निवडत असाव्यात.

अकोल्यात त्यांनी मला एका साध्या कॉलनीत नेलं. छोटं घर, पुढं वऱ्हांडा, कुंड्यांमध्ये तुळस आणि कोरफड. तिशीतली एक बाई बाहेर आली. ताईंचा पाय बघून चरकली, त्यांना धरून आत घेऊन गेली. मागोमाग मीही गेलो, विधुर प्राध्यापकांना न्याहाळायला.

खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई बसली होती. उंच, कृश, पांढरे केस घट्ट बांधलेले. उजवा हात मांडीवर होता, पण तो दुसऱ्या कोणीतरी आणून ठेवल्यासारखा. तोंड किंचित एका बाजूला ओढलेलं. ताई लंगडत तिच्यासमोरच्या स्टुलावर बसल्या. नमस्कार नाही, कशी आहेस नाही, काही नाही.

"पुन्याच्या शर्यतीत तू चवथी होती," ताई म्हणाल्या.

खुर्चीतल्या बाईचे डोळे पेटले. ओठ हलायला लागले. खूप खटपटीनं एक शब्द बाहेर आला.

"दु... दुसरी."

"चवथी."

"दुसरी. तू... तू..."

"मी काय?"

"तू... ति... तिसरी."

"हट्. मी पहिली होती. पेपरात आलं होतं."

"खो... खोटं."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ही नलू. आणि दुसरी गोष्ट त्याहून मोठी, की आमच्या ताई धडधडीत खोटं बोलत होत्या. आपण दुसरी आहोत हे छापून आणण्यासाठी कचेरीत ठिय्या देणारी बाई इथं इस्त्रीची साडी नेसून, शड्डू ठोकून, एकामागून एक पदकं लाटत होती.

दार उघडणारी बाई म्हणजे नलूबाईंची मुलगी, सुषमा. तिनं मला चहा घ्यायला स्वयंपाकघरात बोलावलं.

"गेल्या वर्षी आईला लकवा मारला काका," ती सांगू लागली. "पायानं पुन्हा चालायला लागली, पण वाचा गेली. समजतं सगळं. शब्दच सापडत नाहीत. डॉक्टरांनी चित्रं दिली होती. पोपट, पेला, छत्री. हे काय आहे सांग म्हणायचं. आई ती चित्रं भिरकावून द्यायची. मग तिनं बोलायचं सोडूनच दिलं. महिने झाले, घरात हूं की चूं नाही. दिवाळीनंतर एक दिवस या मावशी आल्या. मी तर ओळखतही नव्हते. आईचं कोणाकडून तरी कळलं म्हणाल्या. आत आल्या, आईसमोर बसल्या, खूप वेळ नुसत्या बसल्या. काय बोलावं ते त्यांनाही सुचेना. उठता उठता म्हणाल्या, 'नागपूरले मी तुले हरवलं होतं.' आणि आई म्हणाली, 'नाही.'"

सुषमानं गॅस बारीक केला.

"एवढ्या महिन्यांत पहिला शब्द. मावशी पुन्हा खाली बसल्या. मग दर रविवारी येतात आणि भांडतात. आई शनिवारपासूनच तयारी करते. ओठांतल्या ओठांत पुटपुटत असते, उद्या काय सुनवायचं ते. फक्त हल्ली तिला काही गोष्टी उलट्यासुलट्या आठवतात. डॉक्टर म्हणाले, चालायचंच. बोलतेय हे महत्त्वाचं."

चहाचा कप घेऊन मी बाहेर आलो. भांडण रंगात आलं होतं. नलूबाई सरळ बसल्या होत्या. गालांवर रंग आला होता. शब्द अडखळत येत होते, पण एकामागून एक येत होते. ताई कोल्हापूर घेऊ बघत होत्या, नलूबाई ते सोडत नव्हत्या. मध्येच त्यांनी डावा हात वर करून ताईंना गप्प केलं.

"हैदराबाद," त्या म्हणाल्या.

ताईंचं हसू थांबलं.

हैदराबाद मला माहीत होतं. सासुरवाडीला बैठकीत एकच मोठा फोटो आहे. तीन पायऱ्यांचा मंच, सगळ्यात वरच्या पायरीवर ताई, खालच्या पायरीवर दुसरीकडं बघणारी एक उंच मुलगी. देशाच्या संघाची निवड त्या शर्यतीतून होणार होती. ताई तिथं पहिल्या आल्या आणि परदेशी जाऊन धावून आल्या. नलूला त्यांनी हरवलं ते त्या एकदाच. घरी येणाऱ्या प्रत्येक जावयाला सासरे पाण्याआधी तो फोटो दाखवत.

"हैदराबादले..." नलूबाई म्हणाल्या. एक एक शब्द चाचपून बघत, आणि मग एकदम न थांबता, "हैदराबादले मी जिंकली, तू मांगं राह्यली होती."

सुषमा स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं तोंडावर हात धरला होता.

नलूबाई ताईंकडं बघत होत्या. त्या नजरेत थट्टा नव्हती, कावा नव्हता. त्यांना ते तसंच आठवत होतं, आणि आता यावर काय उत्तर येतं याची त्या वाट बघत होत्या. मला वाटलं, ताई आता म्हणणार, खोटं. इतका वेळ दुसऱ्याच्या शर्यतींवर डल्ला मारणं वेगळं. ही त्यांची स्वतःची होती.

"हो," ताई म्हणाल्या. "तू जिंकली. मी मांगं राह्यली."

नलूबाईंनी मान हलवली. समाधानानं मागं टेकून बसल्या आणि सुषमाला खुणेनं पपईची फोड मागितली. ताईंनी उठून ती बशी त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली आणि पदरानं स्टूल पुसायला लागल्या. स्टुलाला काही झालेलं नव्हतं.

परतताना ऊन चढलं होतं. बोरगाव मंजू गेलं. मूर्तिजापूर आलं. मी चहाला थांबू का विचारलं, त्या नको म्हणाल्या. मग आपणहून बोलल्या.

"पुरं वाक्य बोलली. आयकलं ना तुमी? मधात कुठीच अडकली नाई."

"हो. ऐकलं."

"दिवाळीनंतर 'नाई' म्हनाले तिले इतला येळ लागला होता. अन् आज पुरं वाक्य."

"ताई, पण ती शर्यत तर तुमची होती."

त्यांनी मुरगळलेला पाय हातानं उचलून थोडा बाजूला ठेवला.

"माहीच होती," त्या म्हणाल्या. "पन तिले तसं सांगून चूप करू काय मी? थे चूप झाली तं मले कोनासंगं बोलाचं हाये, भाऊजी? तुमासंगं? तुमाले काय सांगू, का शेवटच्या वळनावर छातीत कसं होते? मंदीले काय सांगू? थे म्हनन, डॉक्टरले दाखव. नलूले काई सांगा लागत नाई."

मग त्यांनी मला हैदराबादची शर्यत सांगितली. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या शर्यतींच्या गोष्टींतून शिताफीनं निसटत आलो होतो. काही ना काही काम काढून उठायचो. त्या दिवशी गाडीतून उठून जायची सोय नव्हती, आणि असती तरी गेलो नसतो. मैदान कसं होतं, माती कशी पायाला धरत होती, ऊन कुठल्या बाजूनं येत होतं, सगळं त्यांनी सांगितलं. शेवटची फेरी लागली तेव्हा मागून नलूचा श्वास ऐकू येत होता.

"माह्या आईचा आवाज मी इसरली, पन तिचा श्वास इसरली नाई. नेहमी थो श्वास जवळ ये, बाजूनं ये, अन् समोर जाये. त्या दिवशी जवळ आला, बाजूले आला, अन् तिथंच राह्यला. मी वाट पाहून राह्यली का आता थो जाईन, आता जाईन. गेलाच नाई."

"मग?"

"मंग काय, फीत माह्या छातीले लागली. मी वळून पाह्यलं, तं थे खाली बसली होती, मातीत. मान गुडघ्यात. सारे लोक माह्याकडे धावून आले. हार, फोटो. मले तिच्याकडे जाचं होतं. दोन पावलं गेलीबी. थ्या लोकायनं मले धरून मंचाकडे नेलं. मंग बोलाचं राहूनच गेलं."

"काय बोलणार होता तुम्ही?"

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तुरीची शेतं मागं जात होती.

"काई नाई," त्या म्हणाल्या. "'पानी पी' म्हननार होती."

मी गाडी थोडी हळू केली. बडनेऱ्याच्या पुलापर्यंत ती तशीच हळू ठेवली.